जखम भरली, पण हात गेला: कामावरच्या अपघातानंतर वाढलेल्या त्रासाची भरपाई कशी मिळते?

या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना मी आकडे भराभर सांगून गेलो होतो. बऱ्याच जणांनी "लिहून टाक रे" म्हणून मेसेज केले, म्हणून इथे थोडं सावकाश आणि नीट लावून लिहितोय.

प्रश्न साधा आहे. कामावर बोट चिरडलं, टाके पडले, आठवड्याने सुट्टी संपली. पण महिन्याभराने त्यात पू झाला, संसर्ग हाडापर्यंत गेला, पुन्हा ऑपरेशन झालं, आणि आता मूठच वळत नाही. तर भरपाई कशाची मिळणार? पहिल्या दिवसाच्या जखमेची, की आज हाताची जी अवस्था आहे तिची?

उत्तर आधीच सांगतो: आज जी अवस्था आहे तिची. पण एका अटीवर. त्या दिवसाचा अपघात आणि आजचा त्रास यांच्यामधली साखळी कागदावर दिसली पाहिजे. आणि एक वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याभोवती फिरतं: अर्ज लवकर करायचा, टक्केवारी मात्र जखम स्थिर झाल्यावर ठरवून घ्यायची. बहुतेक लोकांचं नेमकं उलटं होतं. अर्ज करत नाहीत आणि टक्केवारी घाईत मान्य करून सही करून टाकतात.

आधी बघा, तुम्ही कुठल्या रांगेत आहात

आपल्याकडे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींवर एकदम चालता येत नाही.

पहिला रस्ता ईएसआयचा. दहा किंवा जास्त माणसं असलेली आस्थापना, आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत. सॅलरी स्लिपवर पगाराच्या ०.७५ टक्के कपात दिसते ती हीच, मालक ३.२५ टक्के भरतो. तुम्ही यात असाल तर भरपाई ईएसआय महामंडळ देतं, मालकाकडे वेगळी मागता येत नाही.

दुसरा रस्ता १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा. जे ईएसआयमध्ये बसत नाहीत त्यांच्यासाठी. इथे पैसे मालक देतो आणि वाद झाला तर कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज करायचा. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात.

एक नवीन गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि हे दोन्ही कायदे तिच्यात गेले. ईएसआय चौथ्या प्रकरणात आणि नुकसानभरपाई सातव्या प्रकरणात. गाभा तोच आहे, कलमांचे नंबर बदललेत. ज्यांचा अपघात त्याआधीचा आहे त्यांचा दावा जुन्या कायद्याने चालतो, आणि आज कोर्टात असलेली बहुतेक प्रकरणं तशीच आहेत. म्हणून खाली मी जुनेच नंबर वापरतोय.

माझ्या मावसभावाचं बोट

उदाहरण घरचंच घेतो. माझा मावसभाऊ भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होता. एकूण आठ माणसं, म्हणजे ईएसआय नाही. वय ३०, पगार १५,०००. २०२४ च्या पावसाळ्यात उजव्या हाताच्या तर्जनीचं टोकाचं पेर प्रेसखाली गेलं. मालकाने लगेच खाजगी दवाखान्यात नेलं, बिल भरलं, म्हणजे माणूस वाईट नव्हता. तीन आठवड्यांनी बोट सुजून लाल झालं. हाडात जंतुसंसर्ग निघाला. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अख्खं बोट काढावं लागलं. नंतर बाकीची बोटंही आखडली. फिजिओथेरपी चालू होती, तेवढ्यात मालकाने एक कागद पाठवला: पन्नास हजार रुपये, "पूर्ण व अंतिम", खाली सहीची जागा. भावाने मला फोटो पाठवून विचारलं, "दादा, करू का सही?"

हा प्रश्न फक्त त्याचा नाही. ऑटो क्षेत्रातल्या जखमी कामगारांबरोबर काम करणाऱ्या सेफ इन इंडिया फाउंडेशनचे 'क्रश्ड' नावाचे अहवाल आहेत. पॉवर प्रेसवर बोटं जाण्याचं प्रकरण किती नेहमीचं आहे ते त्यात वाचायला मिळतं.

आता गणित करू.

एका पेरापासून अख्ख्या हातापर्यंत

कायद्याचं सूत्र असं आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे कोष्टकातला आकडा. ३० वर्षांसाठी तो आकडा २०७.९८ आहे. पगार कितीही असो, हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात (३ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा आहे).

१५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२० रुपये. हे झाले शंभर टक्के. अपंगत्व अंशतः असेल तर पहिल्या अनुसूचीत प्रत्येक अवयवाची टक्केवारी दिलेली आहे, तेवढा भाग मिळतो:

- तर्जनीचं एक पेर गेलं: ९ टक्के, म्हणजे साधारण १,६८,४६४ रुपये
- अख्खी तर्जनी गेली: १४ टक्के, म्हणजे साधारण २,६२,०५५ रुपये
- एक हात गेला: ६० टक्के, म्हणजे ११,२३,०९२ रुपये

बघा, अपघाताच्या दिवशी भाऊ पहिल्या ओळीत होता. संसर्गाने त्याला दुसऱ्या ओळीत नेलं. आणि त्याच अनुसूचीच्या शेवटी एक टीप आहे: एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला, तर तो अवयवच गेला असं धरायचं. म्हणजे हात जागेवर आहे पण कायमचा निकामी झालाय, तर तोही ६० टक्क्यांच्या ओळीत. भावाचा हात तेवढा गेलेला नाही. त्याचं उत्तर मधे कुठेतरी आहे, आणि मधलं उत्तर डॉक्टर ठरवतात: अनुसूचीत न बसणाऱ्या दुखापतीसाठी नोंदणीकृत डॉक्टरने कमाईची क्षमता किती टक्के घटली ते लिहून द्यायचं असतं.

अनुसूचीत डोळ्याच्या ओळीही वाचण्यासारख्या आहेत. एक डोळा गेला, दुसरा चांगला आहे आणि गुंतागुंत नाही, तर ४० टक्के. म्हणजे तो आकडा गुंतागुंत नसतानाचा आहे, हे कायद्यानेच लिहून ठेवलंय. गुंतागुंत असेल तर "कोष्टकात ४० आहे, विषय संपला" असं कोणी म्हणू शकत नाही.

आणि टक्केवारी म्हणजे फक्त शरीराचा हिशोब नाही, कामाचाही आहे. सुप्रीम कोर्टाचा प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा निकाल यासाठी कायम सांगितला जातो. १९६८ मध्ये एका सिनेमागृहात काम करताना सुतार खाली पडला, त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, हे अंशतः अपंगत्व. कोर्टाने शंभर टक्के मानलं, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. त्याच निकालात हेही ठरलं की भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, आयुक्तांच्या निकालाच्या दिवसापासून नाही.

साखळी कुठे तुटते?

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. सर्व्हर पडला की आम्ही पहिल्यांदा लॉग उघडतो: किती वाजता काय झालं, त्यानंतर काय. लॉगमध्ये दोन तासांचं भगदाड असेल तर भांडण तिथेच सुरू होतं. इथेही अगदी तसंच आहे.

कायद्याची भाषा अशी: दुखापत "नोकरीतून आणि नोकरीदरम्यान" झालेल्या अपघाताने व्हायला हवी, आणि अपंगत्व किंवा मृत्यू त्या दुखापतीचा परिणाम हवा. परिणाम त्याच दिवशी दिसला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. पायात खिळा घुसला आणि धनुर्वाताने माणूस गेला, भाजल्यानंतर जंतुसंसर्ग रक्तात पसरला, मांडीचं हाड मोडून पडून राहिल्यावर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, हे सगळं परिणामच. मधुमेह असलेल्याची जखम चिघळून पाय कापावा लागला तर मालकाचा वकील "हे शुगरमुळे" म्हणणारच. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: ती जखम झाली नसती तर पाय गेला असता का?

पण सिद्ध करायची जबाबदारी तुमची. सुप्रीम कोर्टाने १९६९ च्या मॅकिनन मॅकेन्झी प्रकरणात, बोटीवरून बेपत्ता झालेल्या खलाशाच्या दाव्यात, हे स्पष्ट केलं होतं. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार लागतोच असं नाही, परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो, पण नुसता अंदाज चालत नाही. म्हणून कागद. हे चार:

१. पहिला केस पेपर. दवाखान्यात "कसं झालं?" विचारतात तेव्हा सोबत बहुतेक कंपनीचाच माणूस असतो. तिथे "घरी दारात सापडून" असं लिहिलं गेलं तर पुढचं सगळं अवघड होतं. "कामावर प्रेस मशीनमध्ये बोट सापडून" हे वाक्य, तारीख आणि वेळेसकट, त्या पहिल्या कागदावर यायला हवं. केस पेपरचा तिथेच फोटो काढा.

२. जोडणारं वाक्य. पुढच्या प्रत्येक भेटीत, खास करून नवीन डॉक्टर असतील तर, त्यांना विचारा: हा त्रास आधीच्या जखमेतून आलाय का? असेल तर तसं लिहून द्या म्हणा. "अमुक तारखेच्या दुखापतीनंतर झालेला हाडाचा जंतुसंसर्ग" एवढं पुरतं. जखम भरली पण हात जळजळतो, सुजतो, आखडतो असा सीआरपीएससारखा त्रास एक्स-रेमध्ये धड दिसत नाही. तिथे तर डॉक्टरचं लेखी निदान हाच सगळ्यात मोठा पुरावा.

३. मधली भगदाडं. दोन महिने डॉक्टरकडे गेलाच नाहीत तर "मधे दुसरंच काही झालं" म्हणायला जागा मिळते. ड्रेसिंगच्या पावत्या, औषधांची बिलं, तारखेसकट फोटो, काही टाकू नका.

४. नोकरीचा आणि पगाराचा पुरावा. पगार खात्यात येत असेल तर स्टेटमेंट. रोख मिळत असेल तर हजेरी कार्ड, गेटपास, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज. अपघाताची लेखी खबर मालकाला लगेच द्या, साध्या मेसेजनेही चालेल, पण तारीख राहिली पाहिजे.

उपचार टाळले तर काय?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बाहेर फारसं कोणी सांगत नाही.

कलम ११ म्हणतं: मालकाने फुकट नोंदणीकृत डॉक्टर देऊ केला आणि तुम्ही नाकारला, किंवा त्याचं सांगणं मुद्दाम धुडकावलं, त्यानंतर दुसऱ्या नोंदणीकृत डॉक्टरकडेही नियमित गेला नाहीत, हे सगळं विनाकारण होतं आणि त्यामुळे जखम बिघडली, एवढं सगळं सिद्ध झालं, तर वाढलेला भाग धरत नाहीत. नीट उपचार घेतले असते तर जेवढं अपंगत्व राहिलं असतं, तेवढीच भरपाई.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचा. मालकाचा डॉक्टर आवडला नाही तर दुसऱ्याकडे जायला हरकत नाही, पण तो नोंदणीकृत हवा आणि नियमित जायला हवं. गावाकडे जाऊन हाडवैद्याकडून पाय बांधून घेतला आणि मग तो वाकडा जुळला, तर मालकाच्या हातात आयतं कोलीत मिळतं. दुसरीकडे, "तू एक ड्रेसिंग चुकवलंस, आता काही मिळणार नाही" ही धमकीही खोटी आहे. सबळ कारण असेल तर ते कारण चालतं. कामावर बोलावलं म्हणून ड्रेसिंग चुकलं असेल तर तो मेसेज जपून ठेवा.

सही, पैसे आणि वेळ

परत भावाच्या कागदाकडे. त्यात तीन गोष्टी होत्या आणि तिन्हींना कायद्यात उत्तर आहे.

एक, "दवाखान्याचं बिल मी भरलं, ते यातून वजा". नाही. उपचाराच्या खर्चाची परतफेड हा कलम ४(२अ) खालचा वेगळा हक्क आहे आणि उपचारासाठी दिलेले पैसे भरपाईत धरत नाहीत, हेही कायद्यात स्पष्ट आहे.

दोन, "यापुढे कुठलाही दावा करणार नाही". कायद्याखालचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे शून्य आहे. एकरकमी तडजोड करायचीच असेल तर मालकाने ती आयुक्तांकडे नोंदवायला हवी, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदवलीच नाही तर मालक पूर्ण भरपाईला बांधील राहतो, आणि दिलेल्या पैशांपैकी अर्ध्याहून जास्त वजा करायचे तर आयुक्तांचा आदेश लागतो.

तीन, घाई. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के मिळतात, १५,००० वर ३,७५०, जास्तीत जास्त पाच वर्षं. तब्येत बिघडली किंवा सुधारली तर कलम ६ खाली हे हप्ते बदलून घेता येतात. पण एकरकमी भरपाईचा निकाल लागला की ती सोय राहत नाही. उरतं ते हायकोर्टातलं अपील. म्हणून दुसरं ऑपरेशन डोक्यावर असताना टक्केवारी ठरवून घेऊ नका.

पण थांबायचं म्हणजे घरी बसायचं नाही. अपघातापासून दोन वर्षांत दावा दाखल व्हायला हवा. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण त्यावर विसंबू नका. अर्ज आधी टाका, अंतिम वैद्यकीय दाखला नंतर जोडा. मालकाला वाद घालायचा असेल तरी जेवढं त्याला मान्य आहे तेवढं त्याने आधी द्यायचं असतं. देय झाल्यापासून महिन्याभरात दिलं नाही तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

भावाने सही केली नाही. पुण्याच्या कामगार न्यायालयात अर्ज टाकलाय, तारखा चालू आहेत.

ईएसआयवाल्यांसाठी

तुमचं चित्र बरंच बरं आहे. काम करता येत नाही तोवर सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के, आणि कामावरच्या दुखापतीसाठी आधी किती महिने वर्गणी भरली ही अट नाही. उपचार ईएसआयच्या दवाखान्यात. पुणे-पिंपरी पट्ट्यात अनेकांना चिंचवडच्या मोहननगरचं रुग्णालय ठाऊक असेल. कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्याप्रमाणे दरमहा रक्कम मिळते.

आणि इथे वाढलेल्या त्रासाला थेट दरवाजा आहे. कलम ५५ प्रमाणे, टक्केवारी ठरल्यानंतर दुखापतीचे परिणाम मोठ्या प्रमाणात आणि अनपेक्षितपणे बळावले, तर मंडळ फेरतपासणी करू शकतं. मात्र अंतिम टक्केवारीला पाच वर्षं, आणि तात्पुरतीला सहा महिने व्हायच्या आत अर्ज करायचा असेल तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाची परवानगी लागते. म्हणून मंडळापुढे जाल तेव्हा विचारा, ही टक्केवारी तात्पुरती आहे की अंतिम? त्या एका शब्दावर पुढची पाच वर्षं अवलंबून असतात.

मालकाने अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म १२, भरलाय ना तेही बघा. ईएसआय कार्ड अपघातानंतर घाईघाईने काढलं जातं, हेही नेहमीचंच. आस्थापना कायद्याखाली येत असेल तर मालकाने नोंदणी उशिरा केली म्हणून तुमचा हक्क जात नाही.

तुमचे काही प्रश्न

*"मी ठेकेदाराकडे आहे. तो गायब झाला तर?"* काम मूळ कंपनीच्या धंद्याचा भाग असेल तर १९२३ च्या कायद्याखाली मूळ कंपनीकडे मागता येतं. ती ठेकेदाराकडून वसूल करेल, तो तिचा प्रश्न.

*"माझीच चूक होती."* निष्काळजीपणाने हक्क जात नाही. दारू पिऊन असणं, सुरक्षेचा नियम किंवा गार्ड मुद्दाम मोडणं, हे अपवाद आहेत. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही आड येत नाहीत.

*"वकिलाला पैसे नाहीत."* औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते साधारण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. हेल्पलाइन १५१००.

तर मंडळी, तुमच्या वर्कशॉपमध्ये, साइटवर, गावच्या ग्रुपवर कुणाच्या हातापायाला पट्टी असेल तर त्याला हे पाठवा, आणि आजच पहिल्या केस पेपरचा फोटो काढून ठेवायला सांगा. डिलिव्हरी करणाऱ्या गिग कामगारांचा हिशोब वेगळा आहे, त्यावर पुढच्या भागात बोलू. प्रश्न व्हॉइस मेसेजने पाठवत राहा. भेटू!